ब्रेकला खोबरेल

मी उभं आयुष्य ब्रेक दुरुस्त केले, आणि एकाही गिऱ्हाइकाने मला कधी "मिस्त्री, आधी ब्रेक बघा" असं म्हटलं नाही. हे मी तक्रार म्हणूनच सांगतोय. पोलादपूरला, कशेडी घाट उतरून गाड्या जिथे सपाटीला लागायच्या, तिथे माझं गॅरेज होतं. गाडीच्या चाकांतून धूर येत असायचा आणि आतून उतरलेला माणूस मला म्हणायचा, "एसी जरा कमी लागतोय."

वाचकांपैकी कुणी या दिवाळीत घाट उतरणार असेल तर ऐकून ठेवा. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की चाकातले लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल एकदम मऊ पडून तळाला जातं. मग पुढे वळण आहे की दरी, हे गाडी तुम्हाला विचारत नाही. यावर उपाय म्हणजे घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. एवढंच. हे एवढंच सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. शेवटी मी पेंटरकडून मोठ्या अक्षरांत पाटी करून घेतली, 'निघताच पहिल्या दहा पावलांत एकदा ब्रेक मारून बघा.' लोक त्या पाटीला टेकून चहा प्यायचे.

एक गृहस्थ आठवतात. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागच्या दोन्ही चाकांतून धूर. मी म्हटलं, अर्धा तास बसा, थंड होऊ दे. त्यांना घाई. माझा डोळा चुकवून त्यांनी फ्रिजमधल्या पाण्याची बाटली चाकातल्या तापलेल्या ब्रेक-ड्रमवर रिकामी केली. 'टण्' असा आवाज झाला आणि ड्रमला बोटभर चीर गेली. गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." मी सांगितलेलंच होतं. मी जे सांगितलं ते सगळं मी सांगायला हवं होतं, अशीच माझ्या गिऱ्हाइकांची समजूत असायची.

दुसरा एक ट्रकवाला. लायनर संपून लोखंडावर लोखंड घासत होतं, आवाज बाजारपेठेपर्यंत गेला होता. त्याला दुरुस्त करून हवा होता हॉर्न. मी त्याची चावी खिशात घातली आणि म्हटलं, आधी जेवून घे. तो मला शिव्या देत जेवला. शालनने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला दोनदा भात वाढला. तिसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा शिव्या थांबलेल्या होत्या आणि लायनर बदलून झाले होते.

ही शालन वाढायला तिथे का होती, हे सांगायचं तर जरा अवघड जागी यावं लागेल. आमच्या धंद्याचा हंगाम म्हणजे लोकांचे सण. गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला मुंबईहून गाड्या भरभरून यायच्या, परत जायच्या, आणि त्यातल्या काही माझ्या दारात येऊन धुरायच्या. अडकलेली माणसं, त्यांची पोरं, त्यांच्या म्हाताऱ्या. शालन घरातून पिठलंभात करून आणायची. सणाच्या दिवसांत मी गॅरेज सोडू शकत नव्हतो आणि तिच्यावाचून गॅरेज चालत नव्हतं. तिचं माहेर वरंधच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. तिथे ती मे महिन्यात दोन-चार दिवस जायची. सणाला मात्र कधी गेली नाही. दर वर्षी विचारायची, आणि मी गाडीखालून, नुसते पाय बाहेर दिसत असताना, उत्तर द्यायचो, "पुढच्या वर्षी."

एका भाऊबीजेला एक कुटुंब अडकलं होतं. त्यातली बाई माहेरीच निघाली होती, मांडीवर लाडवांचा डबा. शालनच्या हातचं जेवता जेवता तिने सहज विचारलं, "तुम्ही नाही गेलात माहेरी?" शालन म्हणाली, "यांचा सीझन हाय ना." मी गाडीखालीच होतो. नट बसवून झाला होता, तरी मी बाहेर आलो नाही.

पुढे कशेडीला बोगदा झाला. गाड्या सरळ आत शिरून सरळ बाहेर पडू लागल्या. ब्रेक तापेनात. लोकांच्या दृष्टीने चांगलंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी गॅरेज बंद केलं, सामान घरामागच्या पडवीत आणलं आणि शालनला म्हटलं, आता चल, कधी जायचं बोल. तेव्हा तिचे गुडघे संपले होते. त्यातच एका पावसाळ्यात दरड आली आणि वाडीचा जीपरस्ता गेला. राहिली ती दगडाधोंड्यांची, चाकोऱ्या पडलेली चढाची वाट. रिक्षा जात नाही. मोटरसायकल जाते, पण शालनचा गुडघा वाकत नाही, ती मागे बसणार कशी? वाडीतली चार माणसं डोली घेऊन यायला तयार होती. शालन म्हणाली, "मी आजारी नाय न् मेलेली पन नाय. खांद्यावरनं कशाला नेताव?" वर तिची आई, नव्वदीच्या अलीकडची, तिला उतरवत नव्हतं. खाली ही, हिला चढवत नव्हतं. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि दोघींना नीट ऐकू यायचं नाही. दोन वर्षं माय-लेकींची भेट नव्हती, आणि म्हातारीकडे अजून किती दिवस होते हे कुणाला ठाऊक?

अशा वेळी माझा मेहुणा विलास याने काय करावं? त्याने गो-कार्ट आणली.

विलास शालनचा धाकटा भाऊ. मुंबईत ऑफिसात कारकून होता, मुदतीआधी नोकरी सोडून आईजवळ वाडीवर राहायला आला. माणूस मनाचा चांगला, पण त्याच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये व्हिडिओ आहेत. घाटावर कुठेतरी पर्यटकांसाठी अशा गाड्या फिरवण्याचं मैदान होतं, ते बंद पडलं. तिथून याने एक टेम्पोत घातली आणि थेट माझ्या अंगणात उतरवली. तीही पितृपक्षात. शालनने कपाळाला हात लावला.

"भावजी, ऑफ-रोड हाय. टू सीटर. ताय बसंल बाजूला, तुमी चालवा. डायरेक्ट दारात!"

गाडी म्हणजे लोखंडी पायपांचा पिंजरा. जाड टायर, दोन खुर्च्या, मागे स्कूटरएवढं इंजिन, त्यातून साखळीने फिरणारा मागचा आस. टप नाही, दार नाही. मी वाकून पहिल्यांदा काय बघितलं ते सांगायला नको. मागच्या आसावर एकच डिस्क होती, तिच्यावर गंज, आणि पॅड कागदाएवढे उरलेले.

"थांबते कशी ही?" मी विचारलं.

"तिथं मैदान सपाट व्हतं ना. पिकअप बघा भावजी, पिकअप कसला हाय!"

त्या क्षणी मला गॅरेज बंद केल्यासारखं वाटेना.

पुढचे वीस-बावीस दिवस मी त्या पिंजऱ्यात डोकं घालून काढले. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून गोंद झालेला. साखळी लांबलेली. स्टिअरिंगचे जोड एवढे ढिले की चाक फिरवल्यावर गाडी विचार करून मग वळायची. चौकटीला एका ठिकाणी चीर होती आणि कुणीतरी तिच्यावर छान लाल रंग दिला होता. मला रंगाचा राग नाही, पण चिरेवर रंग देणाऱ्या माणसाला एकदा भेटायची इच्छा आहे. ती चीर घासून, आतून पट्टी लावून वेल्डिंग केलं.

मग सुधारणा. चढासाठी मागचं दातेरी चक्र मोठं हवं होतं. मागचं चक्र मोठं केलं की वेग कमी होतो आणि ओढ वाढते, सायकलवाल्यांना हे कळेल. विलासने ते ऑनलाइन मागवलं. आलं, भोकं जुळली नाहीत. दुसरं मागवलं, ते पहिल्याहून लहान. "व्हिडिओत तर बसत व्हतं," तो म्हणाला. शेवटी मी महाडला लेथवाल्याकडे स्वतः उभा राहून करून घेतलं. भंगारातल्या दोन मोटरसायकलींच्या डिस्क काढून पुढच्या चाकांना बसवल्या. मागची डिस्क नवी घातली. दोन खुर्च्यांच्या मधे हँडब्रेकची दांडी बसवली. पट्टे लावले. शालनच्या न वाकणाऱ्या पायासाठी तिची खुर्ची मागे सरकवून उंच केली. विलासचं म्हणणं रोज वेगळं. स्पीकर लावूया. पुढे लाइटची पट्टी लावूया. एक दिवस तो वाघाच्या चेहऱ्याचा स्टिकर घेऊन आला. मी म्हटलं, "विलास, तुझी आई ऐंशीच्या पुढची, बहीण गुडघ्याने अडलेली, मी सत्तरीकडे चाललोय. वाघ कोण यातला?"

ठरलं असं की दसऱ्याला जायचं. सोनं आईच्या हातात द्यायचं, असं शालनने पितृपक्ष संपायच्या आतच मनाशी धरलं होतं. नवी साडी काढून ठेवली होती. मला हे तिने सांगितलं नाही, कपाटाच्या दाराला अडकवलेली दिसली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. संसार सुरू झाल्यापासून ही पूजा शालनची. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून मांडते. या वर्षी तिने जास्तच मनावर घेतलं, कारण गाडी पितृपक्षात आलेली. तिला पिंजराभर झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू, समोर नारळ. मी दुरून नमस्कार केला आणि गप्प झोपलो.

दसऱ्याला सकाळी विलास टेम्पो घेऊन आला. गाडीला रस्त्यावर परवानगी नाही, त्यामुळे चढाच्या पायथ्यापर्यंत टेम्पोतून न्यायची होती. त्याआधी एक फेरी मारून बघू म्हटलं. माळा काढल्या, बसलो. पेडल दाबून बघितलं, कडक. विलास फोन धरून उभा. "भावजी, जरा हसा ना." मी चिडलो आणि गाडी सोडली. घरामागे ओढ्याकडे उतरणारा उतार आहे. गाडी अशी सुरेख निघाली की मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि दहा पावलं होऊन कधीच गेली होती.

उताराच्या मध्यावर ब्रेक मारला. पेडल कडकच, पण गाडीने ऐकलं नाही. परत मारला. हँडब्रेक ओढला. चाकं गाणं म्हणत फिरत राहिली. समोर ओढा, डावीकडे शेजाऱ्यांचा शेणाचा उकिरडा. ब्रेकमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने डावीकडे घेतलं.

मला काही लागलं-बिगलं नाही. कमरेपर्यंत शेणात बसून मी विलासला एवढ्या शिव्या दिल्या की तो हॉर्नवाला ट्रकवाला तिथे असता तर त्याने वही काढून लिहून घेतल्या असत्या. "काय केलंस डिस्कला? काय फासलंस?" विलास शपथा घेत होता. मी बोट फिरवून वास घेतला, तर खोबरेल. तिन्ही डिस्कना खोबरेल तेल, एकसारखं, प्रेमाने चोळलेलं.

"त्याला कशाला बोलताव?" शालन मागच्या दारात उभी होती. नवी साडी नेसलेली. "मी लावलं."

मी तेलाचं बोट वर करून तिला दाखवलं.

"तुमच्या पान्यांना दर वर्षी लावते. पावसाळ्याचा गंज धरतो म्हनून. तवा कधी बोललाव नाय. ह्या तर किती चकचकीत, म्हनलं ह्यांना दोन हात जास्त लावू."

खरं होतं. दर खंडेनवमीला ती माझी हत्यारं पुसून तेलाचा हात द्यायची, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. आणि इतक्या वर्षांत मी हजारो परक्या माणसांना ब्रेक समजावून सांगितला, पाटी लावली, घसा कोरडा केला. घरच्या बाईला एकदाही सांगितलं नव्हतं की गाडी थांबते ती कशामुळे. ती जेवण घेऊन यायची, मी ताट रिकामं करून परत द्यायचो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नाय जायचं मला. मानसाचा जीव गेला असता." आणि आत जाऊन साडी सोडायला लागली.

विलास हळूच म्हणाला, "भावजी, आयला फोन करून सांगू काय, पुढच्या वर्षी येतील म्हनून?"

त्या दिवशी मला विलासचा जेवढा राग आला, तेवढा त्याने स्टिकर आणला तेव्हाही आला नव्हता. आणि त्याची चूक काही नव्हती. ते वाक्य माझंच होतं.

मी ओढ्यावर जाऊन अंग धुतलं. दोघांनी गाडी ओढून अंगणात आणली. तेल प्यालेले पॅड पुसून भागत नाही, ते बदलावेच लागतात. माझ्याकडे नवे दोन संच होते, कारण ब्रेकच्या बाबतीत मी एकावर कधी थांबत नाही. पण हत्यारं अजून पूजेत मांडलेली. मी आत गेलो, शालनला म्हटलं, "बाहेर चल. मला पाना दे."

"तुमचा हात हाय ना."

"पूजा तू मांडलीस, तूच उचल."

ती आली. पान्यावरचं फूल बाजूला ठेवून तिने तो माझ्या हातात दिला. मी तिला स्टुलावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं दाखवलं. ही डिस्क, चाकाबरोबर फिरते. हे पॅड, दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात. धरली की चाक थांबतं. तेल लागलं की चिमटीतून निसटतं. तिने डिस्क स्वतः पेट्रोलने पुसल्या, कोरडं फडकं मारलं, पुन्हा मारलं. भांडी घासताना ती जशी उजेडात धरून बघते तशी वाकून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मग इतकी वर्सं एवढं काय वरडत व्हताव लोकांवर?"

विलास हसला. मला हसू आलं नाही, पण राग कुठे गेला तेही कळलं नाही.

चढाच्या पायथ्याला दुपार झाली. शालन माझ्या बाजूला, पट्टा बांधून, मांडीवर आपट्याची पानं आणि करंज्यांचा डबा. विलास मागून चालत, हातात चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा, जुन्या ट्रकच्या क्लीनरसारखा. मी गाडी सोडली. थोडं गेलो तोच शालन म्हणाली, "झाली धा पावलं. मारा." मारला. गाडी जागच्या जागी उभी. "हां," ती म्हणाली, "आता चला."

वाट जिथे दरडीने खाल्ली आहे, तिथे चढ असा आहे की समोर फक्त आभाळ दिसतं. मोठ्या चक्राने ओढ दिली, पण शेवटच्या वळणावर दगडावर चाक फिरलं आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. मागून विलास ओरडला. मी ब्रेक दाबला, हँडब्रेककडे हात नेला, तर दांडी आधीच वर ओढलेली, आणि तिच्यावर शालनची मूठ, बांगड्या मनगटात रुतलेल्या. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "चालू करा," म्हणाली.

म्हातारी ओटीवर बसलेली होती. इंजिनाचा आवाज तिला ऐकू आला नसावा, पण वाडीतली पोरं पुढे धावत गेली होती. शालन उतरली, माझा खांदा धरून दहा-बारा पावलं चालली, मग खांदा सोडला. म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, आंधळी नसताना. मग म्हणाली, "किती जाडी झालीस गो!" आणि दोघी रडायला लागल्या. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. थोड्या वेळाने म्हातारीने मला बघितलं. "या जावय. सापडली काय वाट?"

मी सोनं दिलं, पाया पडलो.

जेवणं झाली, ऊन उतरायला लागलं. उतारावर उजेड हवा, म्हणून मी उठलो. शालन आईच्या केसांना तेल लावत बसली होती. तेच खोबरेल.

"चल," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर उतरू."

तिने बोटं थांबवली नाहीत. "पुढच्या वर्षी," म्हणाली.

विलास मान खाली घालून हसू दाबत होता. इतक्या वर्षांनी एकदा सणाला माहेरी आली होती. मला भात लावता येतो का, हा प्रश्न या वेळी माझा होता.

एकटाच गाडीत बसलो. बाजूची खुर्ची उंच, मागे सरकवलेली, रिकामी. टेम्पो पायथ्यालाच होता, विलासला मागून चालत ये म्हटलं. इंजिन चालू केलं, गाडी अंगणातून उताराला लागली, आणि मागून, इंजिनाच्या आवाजाच्याही वर, शालनची हाक आली.

"अवो! धा पावलं झाली! ब्रेक बघा आधी!"

मी पेडल दाबलं. गाडी थांबली. मला मात्र लगेच पुढे निघता आलं नाही.